कषाय : चिकित्सा की विसर्जन?



क्रोध, मत्सर किंवा अपमानाचे शल्य मनात उत्पन्न झाले असता त्याची मुळापर्यंत चिकित्सा करावी, की ते सोडून द्यावे, हा प्रश्न प्रत्येक विचारी गृहस्थापुढे उभा राहतो. कारण कळल्याविना मन शांत होत नाही, असे एक पक्ष म्हणतो. जखम वारंवार उघडल्याने ती भरत नाही, असे दुसरा म्हणतो. जैन दर्शनाने दोन्ही पक्षांना स्थान दिले आणि त्यांचा क्रमही निश्चित केला.

श्वेतांबर परंपरेत सहा आवश्यके या क्रमाने येतात : सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान. प्रथम समता, त्यानंतर स्वतःच्या दोषांचे अवलोकन, मग विसर्जन आणि अखेरीस पुढील काळासाठी नियम. क्षुब्ध मनाने केलेली चिकित्सा सदोष ठरते, म्हणून सामायिक आरंभी आहे. पाहिल्याविना सोडलेले पुन्हा परत येते, म्हणून प्रतिक्रमण कायोत्सर्गापूर्वी आहे.

तथापि प्रत्येक चिंतन म्हणजे चिकित्सा नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. अप्रिय गोष्टीचेच सतत स्मरण करीत राहणे हे आर्तध्यान होय. दोष आणि दुःख यांच्या कारणांचा शोध घेणारा 'अपायविचय' हा मात्र धर्मध्यानाचा प्रकार आहे. 'तो असे का बोलला?' हा प्रश्न रात्रभर घोळविणारा मनुष्य आर्तध्यानात असतो. 'त्या शब्दाने माझ्यातील कोणता मान दुखावला?' असे विचारणारा अपायविचयाकडे वळतो. पहिल्या प्रश्नाला अंत नाही. दुसऱ्याचे उत्तर मिळते.

केवळ विसर्जनही पुरेसे नाही, हे भगवान बाहुबलींच्या चरित्रावरून दिसते. राज्य सोडून ते वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले; देहावर वेली चढल्या. तरी केवलज्ञान झाले नाही. श्वेतांबर कथेनुसार, आधी दीक्षित झालेल्या धाकट्या बंधूंना वंदन कसे करावे, हा सूक्ष्म मान शेष होता. ब्राह्मी व सुंदरी या भगिनींनी, हत्तीवरून खाली उतरा, असे सुचविले. येथे हत्ती कुठला, याचा विचार करताच त्यांना मान दिसला; वंदनासाठी पाऊल उचलताच केवलज्ञान प्रकटले. वर्षभराच्या त्यागाला क्षणभराच्या अवलोकनाची जोड मिळाली. दोष ओळखल्यावर मात्र ते तेथे विचार करीत थांबले नाहीत, पाऊल उचलले.

मग अवलोकनाला मर्यादा किती? शास्त्रकारांनी क्रोधाच्या चार श्रेणींना चार उपमा दिल्या आहेत : पाण्यावरील रेषा, वाळूतील रेषा, जमिनीची भेग आणि पर्वताची भेग. कर्मग्रंथात त्यांची स्थूल कालमर्यादा अनुक्रमे पंधरवडा, चार महिने, एक वर्ष आणि आजीवन अशी सांगितली आहे. दैनिक प्रतिक्रमणाखेरीज पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण याच मुदतींशी जुळते. संवत्सरी ही अखेरची मुदत. वर्ष उलटूनही राहिलेला क्रोध पर्वताच्या भेगेकडे जातो.

व्यापारी माणसाला हे सहज उमजावे. रोजमेळ त्याच दिवशी मिळविला की चूक लवकर सापडते. बुडीत रक्कम तपासाविना कोणी लिहून टाकीत नाही. आणि एकदा लिहून टाकल्यावर तिच्यावर दरवर्षी व्याजही आकारीत नाही. मनाच्या खात्यात मात्र वीस वर्षांपूर्वीची रक्कम व्याजासह पुढे ओढली जाते.

वाटणीवरून दुरावलेले दोन भाऊ एकाच पेठेत समोरासमोर दुकाने चालवितात. संवत्सरीला दोघांकडूनही शेकडो क्षमापना पत्रे गावोगावी जातात. समोरच्या दुकानात मात्र कोणी जात नाही. ज्यांच्याशी वैर नाही, त्यांची क्षमा मागणे सोपे आहे. वाटणीत कोणाचे किती चुकले, याचा हिशेब दोघांनीही पुष्कळ केला. आता रस्ता ओलांडणे तेवढे उरले आहे. मुले मोठी होत आहेत, आणि काका हा शब्द त्यांना केवळ ऐकून ठाऊक आहे. या संवत्सरीचे पहिले 'मिच्छामि दुक्कडम्' त्या दारात जाऊन उच्चारले जावे.

जय जिनेंद्र.