निकालाआधीची पोटगी
घटस्फोटाला एकाने हरकत घेतली की तारखांवर तारखा पडतात. घरभाडं आणि मुलांची फी मात्र थांबत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली तेवढ्या काळापुरती पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. बायकोलाच नव्हे, पुरेसं उत्पन्न नसलेल्या नवऱ्यालाही! नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अर्ज निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानुसार दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. तेव्हा पगाराच्या स्लिपा, पासबुक, कर्जाच्या हप्त्यांचे कागद आधीच काढून ठेवा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, असंही त्याच निकालात आहे. म्हणून अर्ज लांबवू नका. मुलांच्या तात्पुरत्या ताब्यासाठी कलम 26 आहे.