नैसर्गिक मृत्यू!

(वर्ध्याच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मी विद्वान नाही. मॅट्रिक झालोय. गोदीत माल उचलतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. 'हवामान बदलतंय ते माणसामुळे की निसर्गामुळे' या वादावर मला बोलायला सांगितलंत. वाद मोठ्या लोकांचा वाटतो. पण तो माझ्या घरात शिरला आहे.

माझा मामा इथलाच, हिंगणघाटकडचा. मे महिन्यात एका बांधकामावर होता. दुपारी दोनला डोक्यावर घमेलं घेऊन चढला, खाली बसला, तो उठलाच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. ठेकेदारानं टेम्पोत घालून दवाखान्यात धाडला. कागदावर दोन शब्द आले : नैसर्गिक मृत्यू. ठेकेदार मोकळा झाला. आई म्हणाली, "ऊन का आजचं हाये बाप्पा? त्याच्या नशिबातच होतं."

एकानं निसर्ग म्हटलं, एकीनं नशीब म्हटलं. आईवर माझा राग नाही. तिला हा शब्द हजार वर्षांपूर्वीच शिकवून ठेवलाय. राग आहे तो शिकवणाऱ्यावर.

आपल्याला ही चाल नवी नाही. जात कुणी केली? देवानं. पाणवठा कुणी बंद केला? परंपरेनं. म्हणजे कुणीच नाही! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आधी तळ्याचं पाणी प्राशन केलं, मग त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळली. ती माणसानं लिहिली होती, म्हणून माणसाला जाळता आली. आणि बुद्ध काय सांगतो? कारणावाचून काही घडत नाही. तर मग या उन्हाचं कारण विचारू या.

कारण सापडलेलं आहे, आणि आजकालचं नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईनं काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली. १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसनं हिशेब मांडला की कोळसा जाळत राहिलो तर पृथ्वी तापेल. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. १९५८ पासून हवाई बेटांवर रोजची मोजणी सुरू झाली, तेव्हा ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर गेलाय. आठ लाख वर्षांच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, त्यात तो ३०० च्या वर क्वचितच सापडतो. हा वायू म्हणजे पृथ्वीच्या अंगावरची गोधडी. ऊन आत येऊ देते, ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडी जाड झाली की अंग तापणारच.

कुणी म्हणेल, सूर्यच जास्त तापला असेल. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं ऊन मोजताहेत. त्यात वाढ नाही. आणि सूर्य कारण असता तर हवेचे वरचे थर आधी तापले असते. ते उलट थंड झालेत. खालचा थर तेवढा तापतोय. म्हणजे गोधडीच. कुणी म्हणेल, पृथ्वी पूर्वीही तापली होती. तापली होती. माणसं पूर्वीही आपोआप मरत होती, म्हणून काय खून होत नाहीत?

२०२१ साली जगभरच्या शास्त्रज्ञांच्या समितीनं निःसंदिग्ध सांगितलं की हे माणसानंच तापवलं. वाद तिथे संपला. उरला तो पैशाचा वाद. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकात हे गणित बरोबर सोडवलं होतं. कंपनी बाहेर मात्र वर्षानुवर्षं संशय पसरवत राहिली. आतल्या खोलीत सत्य आणि ओट्यावर प्रवचन. ही रीत आपल्या ओळखीची आहे.

पण दोस्तांनो, आता खरा प्रश्न. 'माणसानं केलं' म्हणतात. कुठल्या माणसानं?

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी थेट इंग्लंडला जायचा. १८६० च्या दशकात त्यासाठी रेल्वे वर्ध्यात आली. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा टाकला. कापूस आमच्या मातीचा, हात आमच्या आज्यांचे, आणि धुरांडी मँचेस्टरची. त्या धुरातला बराचसा वायू अजून हवेत आहे, कारण तो शेकडो वर्षं जात नाही. आजवरच्या एकूण धुरात एकट्या अमेरिकेचा वाटा जवळजवळ चौथा हिस्सा. भारताचा तीन-चार टक्के. आणि भारतातही कुणाचा? शेजारच्या चंद्रपूरला कोळसा जळतो. तिथून विजेची मोठी वाहिनी थेट मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. मलबार हिलवर एसी चालतो, चंद्रपूरच्या पोरांच्या छातीत राख जाते. माझ्या मामाच्या घरात एक पंखा होता. तोही लोडशेडिंगमध्ये बंद असायचा.

गावकुसात घेताना आम्ही माणूस नव्हतो. दोष वाटताना मात्र आम्ही माणूस! ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, "सोड ना यार, हे पांढरपेशांचं फॅड आहे." दोस्ता, फॅड असतं तर ते एसीतच मेलं असतं. मरतोय तो स्लॅबवर, वीटभट्टीवर, कपाशीत, टिनाच्या खोलीत. काही सज्जन सेवाग्रामकडे बोट दाखवून सांगतात, खेड्याकडे चला. नाही चालणार. ते खेडं आम्ही भोगलंय. बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी वीज आणि पाण्याच्या योजनांचा पाया घातला. वीज आम्हाला पाहिजेच. ती सूर्याची पाहिजे, आणि आधी आमच्या वस्तीत पाहिजे.

आता कामाचं बोलतो. मे २०१० मध्ये अहमदाबादला उष्णतेची लाट आली. इतर वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिलं, तर १३०० च्या वर माणसं जास्तीची मेली होती. दाखले मोजून हा आकडा निघालाच नसता. दाखल्यांवर माझ्या मामासारखंच काहीतरी लिहिलेलं असणार. पण तो आकडा बाहेर आला म्हणून २०१३ मध्ये त्या शहराला उष्णतेशी लढायची योजना करावी लागली.

म्हणून वस्तीवस्तीत एक वही ठेवा. उन्हाळ्यात कोण मेलं, किती वाजता, कुठल्या कामावर, अंग किती तापलं होतं, पाणी आणि सावली होती का, सगळं लिहा. डॉक्टरला सांगा, अंगाचा ताप मोजून कागदावर लिहा. दुपारी बारा ते चार उन्हातलं काम बंद आणि मजुरी चालू, ही मागणी घेऊन ती वही कलेक्टर कचेरीवर न्या. आणि कुणी 'नैसर्गिक' म्हटलं, तर कारण विचारा.

पहिल्या पानावर माझ्या मामाचं नाव मी लिहिलंय.

जय भीम.