सुजलेला हात आणि घट्ट पट्टी



जांभळं पिकली की गावातली पोरं झाडावर चढणार, आणि त्यांतलं एखादं पडून हात मोडून घेणार, हे ठरलेलंच. हाड मोडलं म्हणून फार भ्यायचं कारण नाही, ते जुळतं. पण मोडल्यानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत हाताच्या आत दुसरंच एक संकट उभं राहू शकतं. ते ओळखलं नाही, तर हाड जुळूनही हात निकामी होतो. डॉक्टर त्याला 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात.

कोपरापासून मनगटापर्यंतचे आणि गुडघ्याखालचे स्नायू निरनिराळ्या कप्प्यांत बसवलेले असतात. प्रत्येक कप्प्याभोवती चिवट पडदा असतो, तो फारसा ताणत नाही. मार लागला की आत रक्त साचतं, सूज चढते. तोंड शिवलेल्या भरल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावं, तशी आतली गत होते. दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. त्यात वरून बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या, तर संकट दुणावतं. सुमारे ६ तास रक्त मिळालं नाही, तर स्नायू आणि नसा कायमच्या मरू लागतात. पुढे बोटं आकसून पंज्यासारखी होतात. जर्मन शल्यवैद्य रिखार्ट फोन फोल्कमान यांनी १८८१ साली अशा आकसलेल्या हातांविषयी लिहिलं, तेव्हा त्यांनीही घट्ट पट्ट्यांकडेच बोट दाखवलं होतं.

मग हे ओळखायचं कसं? पहिली खूण वेदनेची. दुखापतीच्या मानानं दुखणं फार जास्त असतं, ते वाढतच जातं आणि गोळीनंही थांबत नाही. त्याची बोटं आपण हळूच सरळ केली, तर मूल किंचाळतं. हात दगडासारखा टणक लागतो. पुढे मुंग्या येतात, बधिरपणा येतो, बोटं हलेनाशी होतात. पण या पुढच्या खुणांची वाट पाहू नका. 'नाडी लागतेय, बोटं गुलाबी आहेत, मग काळजी कसली?' असंही म्हणू नका. नाडी चालू असतानाही आतले स्नायू मरत असतात.

शिक्षकमित्रांनो, लहान मुलाला हे सगळं सांगता येत नाही. ते बेचैन होतं, सारखं रडतं, पुन्हापुन्हा औषध मागतं. त्याला रडवं म्हणून गप्प बसवू नका.

अशा वेळी काय करावं? कामट्या, पट्टी, कडं, दोरा, जे काही घट्ट असेल ते कातडीपर्यंत सैल करा. हात छातीच्या पातळीवर मऊ आधारावर ठेवा. फार उंच टांगू नका. चोळू नका, शेकू नका, लेप लावू नका. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. प्लास्टर घातलं असेल, तरी रात्रीच निघा. डॉक्टर ते चिरून सैल करतील.

तेवढ्यानं दाब उतरला नाही, तर शल्यवैद्य कातडी आणि तो पडदा उभा चिरून स्नायू मोकळे करतात. जखम काही दिवस उघडीच ठेवतात आणि सूज ओसरल्यावर शिवतात, किंवा तिच्यावर कातडी लावतात. ते पाहून आईबाप घाबरतात, पण हात वाचवण्याचा उपाय तोच आहे.

पाय चाकाखाली किंवा पडलेल्या भिंतीखाली चेंगरला, तर हाड शाबूत असूनही हेच होऊ शकतं. म्हणून घरात कुणाला असा मार लागला, तर त्या रात्री दोनतीनदा उठून विचारा, "दुखणं वाढतंय का रे? बोटं हलव बघू." वाढतंय म्हणाला, तर पट्टी सोडा आणि वाटेला लागा. उजाडायची वाट पाहू नका.