संगणकातील भिंत आणि कारखान्यातील भिंत

(बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गृहनिर्माण हा विषय आपण बहुधा योजना, अनुदान आणि उद्दिष्टे या अंगांनी अभ्यासता. आज त्याच विषयाच्या एका अपरिचित अंगाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. वास्तुविशारदाने संगणकावर उभी केलेली इमारत भिंतींचे पॅनेल तयार करणाऱ्या कारखान्याला समजते कशी, आणि ती चुकीची समजली तर काय होते?

या विषयाची सुरुवात याच शहरातून करता येईल. जर्मनी सोडावी लागलेले वास्तुविशारद ओट्टो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले. येथील भारतीय विज्ञान संस्थेतील काही इमारतींचे आराखडे त्यांचे आहेत. १९४८ मध्ये ते केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले. फाळणीनंतरच्या निर्वासितांना लवकर घरे मिळावीत म्हणून दिल्लीत पूर्वनिर्मित घरांचा सरकारी कारखाना उभारण्यात आला. कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु पॅनेलना तडे गेले, अपेक्षित घरे उभी राहिली नाहीत, टीका झाली आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर यांनी पद सोडले. तेव्हा संगणकाचा संबंध नव्हता. तरीही एक धडा कायम राहिला : कारखान्यातील दोष एका घरापुरता राहत नाही, प्रत्येक नगात त्याची पुनरावृत्ती होते.

आज पूर्वनिर्मित बांधकाम नव्या रूपात परतले आहे. १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांतील ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यांपैकी चेन्नईतील १,१५२ घरांसाठी पूर्वनिर्मित काँक्रीटचे भाग, तर इंदूर येथे सँडविच पॅनेल वापरण्यात आले. बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमध्ये २०२३ साली सुरू झालेले टपाल कार्यालय त्रिमितीय मुद्रणाने उभे राहिले. तेथे पॅनेल नव्हते. पण संगणकातील आकृतीवरून यंत्राने भिंत रचली, हे सूत्र समानच आहे.

फाइलचे वाचन

इमारतीच्या संगणकीय प्रतिकृतीत केवळ रेषा नसतात. ही भिंत, हा स्लॅब, ही खिडकी अशी प्रत्येक घटकाची ओळख आणि त्याचे गुणधर्म त्यात नोंदलेले असतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती देता-घेता यावी म्हणून ‘आयएफसी’ हा खुला फाइल-प्रकार विकसित झाला आणि २०१३ मध्ये त्याला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले. मात्र समान लिपी असली म्हणजे अर्थही समान लागतो, असे नाही. कारखान्याच्या सॉफ्टवेअरला वाचनाचे नियम आधी ठरवून द्यावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. वास्तुविशारदाची भिंत १७४ मिलिमीटर जाडीची आहे : मध्ये १५० मिलिमीटर काँक्रीट आणि दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर गिलावा. कारखान्याने फक्त काँक्रीट ओतायचे आहे. ‘थरांपैकी काँक्रीटचाच थर घ्यावा’ हा नियम दिला नाही, तर प्रत्येक पॅनेल २४ मिलिमीटरने जाड होईल. म्हणजे काँक्रीट व वजन १६ टक्क्यांनी वाढेल आणि सांधे जुळणार नाहीत. मिलिमीटरऐवजी मीटर वाचले गेले, तर चूक लगेच डोळ्यांत भरते. ही चूक मात्र पडद्यावर सहज निसटते.

आता हीच भिंत ६ मीटर लांब व ३ मीटर उंच धरा. तिच्यातील काँक्रीट २.७ घनमीटर, वजन सुमारे ६.७५ टन. तिच्यात १.२ मीटर लांबी-रुंदीची खिडकी असेल, तर सुमारे ५४० किलोग्रॅम वजा होतील. क्रेनची क्षमता ५ टन असल्यास पॅनेलचे दोन भाग करणे भागच आहे. पण छेद कोठे घ्यावा? खिडकीच्या कोपऱ्याला लागून घेतला, तर पॅनेल तेथे दुर्बळ होते. वास्तुविशारदाच्या फाइलमध्ये याचे उत्तर सहसा नसते. साच्याचा आकार, ट्रेलरची लांबी, सांध्यातील फट आणि उचलण्याच्या हुकांच्या जागा लक्षात घेऊन अभियंत्याने ते द्यायचे असते. सॉफ्टवेअर नियम पाळते. नियमाची जबाबदारी घेत नाही.

आणखी एक अडचण वारंवार येते. आराखडा करणारा घाईत भिंतीसारखा दिसणारा घटक सर्वसाधारण वस्तू म्हणून काढतो. माणसाला ती भिंत दिसते; सॉफ्टवेअर तिला भिंतींच्या यादीत घेत नाही आणि पॅनेल बनतच नाही. म्हणून न ओळखलेल्या घटकांची यादी मागवून ती तपासणे अनिवार्य असावे.

धोरणासाठी अर्थ

पूर्वनिर्मित काँक्रीटचे भाग वापरून केलेले बांधकाम राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये समाविष्ट आहे. मोठ्या पॅनेलच्या बांधकामासाठी १९८५ चे आयएस ११४४७ हे भारतीय मानक आहे. परंतु मानकानुसार केलेला आराखडाही चुकीच्या वाचनामुळे बिघडू शकतो. सार्वजनिक घरबांधणीत म्हणूनच तीन अपेक्षा रास्त ठरतात : प्रतिकृती खुल्या फाइल-प्रकारात मागावी, वाचनाचे नियम लेखी स्वरूपात कंत्राटाचा भाग असावेत आणि पूर्ण उत्पादनापूर्वी एक नमुना पॅनेल ओतून, मोजून, शेजारच्या पॅनेलशी जुळवून पाहावे. एका नमुन्याचा खर्च नाकारलेल्या शेकडो पॅनेलपेक्षा नेहमीच कमी असतो.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काहीजण अशा प्रकल्पांच्या फाइलींवर स्वाक्षरी करतील. त्या वेळी ‘तंत्रज्ञान आधुनिक आहे का?’ एवढेच विचारू नका. ‘यंत्राने आराखड्याचा अर्थ काय लावला आणि तो कोणी तपासला?’ हेही विचारा. त्या घरात राहायला येणाऱ्या कुटुंबाला फाइल दिसणार नाही; त्याला फक्त भिंत दिसेल.