फसलेल्या लढ्याचा अर्थ



कलेविषयी बोलायला कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटात झाले. रंगांतले आम्हांला फारसे कळत नाही. परंतु एका प्रदर्शनाने आमची झोप उडविली. त्याची हकीकत सांगतो.

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात विवान सुंदरम् यांनी, आशिष राजाध्यक्ष प्रभृती सहकाऱ्यांसह, ते मांडले होते. सुंदरम् २०२३ साली निवर्तले. हा चित्रकार नुसत्या कुंचल्यावर भागविणारा नव्हे. इंजिनाचे तेल, कोळसा, पत्र्याच्या ट्रंका, शहराचा कचरा, काहीही त्याला चाले. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचे वर्तमानपत्रातले छायाचित्र घेऊन १९९३ साली त्याने त्याचे स्मारक उभारले. त्यात खिळेसुद्धा होते.

या वेळी दालनात जहाजाच्या आकाराची एक मोठी धातूची खोली होती. आत चाळीसेक माणसांनी बसायचे आणि सुमारे चाळीस मिनिटे ऐकायचे. विषय होता १९४६ च्या नाविकांच्या बंडाचा.

१८ फेब्रुवारीला 'तलवार' या नाविक तळावर निकृष्ट अन्न आणि साहेबांच्या शिव्या यांवरून संप सुरू झाला आणि जहाजाजहाजांवर पसरला. २२ तारखेला नाविकांच्या पाठिंब्यासाठी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. रस्त्यांवर गोळीबार झाला. परळला कमल दोंदे गेल्या. मृतांचा आकडा दोनशेंच्या वर गेला. पुढाऱ्यांनी शरणागतीचा सल्ला दिला आणि २३ तारखेला बंड संपले. बडतर्फ नाविकांना स्वातंत्र्यानंतरही नौदलाने परत घेतले नाही.

प्रदर्शनाच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'फसलेल्या कृतीचे अर्थ' असा होता. हे शब्द आम्हांला का झोंबले, ते सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे वडील साचेखात्यात होते. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. आईची भांडी एकेक करून मोडीत गेली. वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. 'आपण हरलो,' एवढेच ते मरेपर्यंत म्हणत.

आमच्यासोबत एक म्हातारे साचेवाले आले होते. बाहेर पडल्यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादा, आपल्या संपाची अशी खोली कोण बांधणार?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय दालनात कामगार असे आम्ही दोघेचौघेच होतो, हेही खुपले. ज्यांची कहाणी, तेच बाहेर! हा दोष एकट्या कलावंताचा नव्हे. चळवळीनेही आपल्या माणसांना त्या पायऱ्या कधी चढविल्या नाहीत.

जिंकलेल्यांचे पुतळे उभे राहतात. हरलेल्यांचे कागद रद्दीत जातात. परंतु नाविक हरले म्हणून त्यांची मागणी खोटी ठरली नाही. आमच्या वडिलांचीही नाही. एवढे त्या खोलीत बसून आम्हांला उमगले.

तेव्हापासून आम्ही घरोघर जाऊन गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या गोळा करतो. एक ट्रंक भरली आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे काही असेल, तर ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी आम्हांला एक हाक मारा, एवढीच विनंती.