त्या हिशोबात आपल्याला धरलंय का?

(कार्यकर्ता शिबिरात संघटनेच्या वतीने केलेली मांडणी. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचावी.)



मागच्या बैठकीत एका पोराने पेपरातली बातमी वाचून दाखवली. परदेशी मालावरचा आयात कर उठवला, बाजार खुला केला, की गरीब देशांतली कोट्यवधी माणसं गरिबीतून वर येतील, असं संगणकाच्या हिशोबातून निघालं म्हणे. मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, "त्या हिशोबात आपल्याला धरलंय का?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

असा हिशोब करण्याच्या साच्याला 'मॉडेल' म्हणतात. त्यात जादू नाही. घरचा वर्षाचा हिशोब आपणही करतो. नागली किती झाली, भात किती झालं, मोह किती विकला, वीटभट्टीची उचल किती फिटली, मीठ-तेलाला किती गेले. आता समजा, भाताचा भाव पडला. ज्याच्याकडे भात विकायला आहे तो बुडाला. जो विकत घेऊन खातो त्याचं बरं झालं. जो पिकवतो आणि तेवढंच खातो, त्याला भावाचं सोयरसुतक नाही. मॉडेल हेच काम अख्ख्या देशासाठी करतं. सगळ्या पिकांचे, कारखान्यांचे, मजुरीचे बाजार एकमेकांना जोडतात. एक आकडा हलवला की बाकीचे किती हलतात ते संगणक सांगतो.

पण हिशोब सुरू करायच्या आधी काही गोष्टी धरून चालाव्या लागतात. पुष्कळ मॉडेलांत असं धरलेलं असतं की शेती परवडेनाशी झाली तर माणूस दुसऱ्या कामाला लागतो, आणि काम मिळतंच. भट्टीवर जाऊन आलेल्यांना याबद्दल आम्ही वेगळं काय सांगावं!

आता एका देशात काय झालं ते बघू. अमेरिकेच्या दक्षिणेला लागून मेक्सिको देश आहे. तिथले मूळ रहिवासी आपल्यासारखेच डोंगरात, जंगलात राहतात. मका हे त्यांचं अन्न. मक्याच्या भाकरीला ते तोर्तिया म्हणतात. मका, घेवडा, भोपळा एकाच शेतात लावतात, त्या शेताला मिल्पा म्हणतात. तिथे मोठी क्रांती झाली, आणि १९१७ च्या राज्यघटनेने गावांना सामाईक जमिनी द्यायचं ठरवलं. अशा जमिनीला एखिदो म्हणतात. ती विकता येत नव्हती, गहाण टाकता येत नव्हती. पुढे देशातली जवळजवळ निम्मी जमीन अशी गावांच्या ताब्यात आली.

मग सरकारने अमेरिका आणि कॅनडाशी खुल्या व्यापाराचा करार करायचं ठरवलं. त्याला 'नाफ्ता' म्हणतात. करार लागू व्हायच्या आधीच, १९९२ साली, घटनेचं २७ वं कलम बदललं आणि एखिदोची जमीन विकायची वाट मोकळी केली. १ जानेवारी १९९४ ला करार लागू झाला. त्याच दिवशी चियापास प्रांतात माया आदिवासींनी उठाव केला. 'झापातिस्ता' म्हणून जग त्यांना ओळखतं.

इथे एक गोष्ट नीट ऐका. मॉडेल करणारे सगळेच खोटं बोलत होते असं नाही. लेव्ही आणि फान वाइनबर्गेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी करार व्हायच्या आधीच मक्याचं मॉडेल केलं होतं. त्यांच्या हिशोबात स्पष्ट निघालं की मका एकदम खुला केला तर पावसावर शेती करणारे आणि गावातले मजूर मार खातील, लोक गाव सोडतील. म्हणून त्यांनी सांगितलं की हळूहळू खुला करा, आणि दरम्यान त्यांच्या जमिनीला पाणी द्या, जमीन सुधारा.

करारात तसं लिहिलंही. सुरुवातीला वर्षाला २५ लाख टन मका बिनकराचा येणार, हा कोटा दरवर्षी थोडा वाढणार. त्यावर येणाऱ्या मक्यावर २१५ टक्के कर, तो कमी होत होत २००८ साली संपणार. म्हणजे शेतकऱ्याला चौदा वर्षांची सवड. पण सरकारने तो कर घेतलाच नाही. १९९६ सालीच कोट्याच्या दुपटीहून जास्त मका आला. अमेरिकेतल्या मोठ्या शेतकऱ्याला तिथलं सरकार अनुदान देतं, त्याचं हेक्टरी उत्पन्नही डोंगरातल्या शेतकऱ्याच्या कितीतरी पट. त्याच्याशी मिल्पावाल्याने कशी बरोबरी करायची? मेक्सिकोच्या सरकारने हेक्टरी थोडे पैसे वाटले, पण सवडीची वर्षं मात्र हिरावून घेतली. म्हणजे हिशोबातला सोयीचा भाग उचलला आणि इशारा बाजूला ठेवला.

मक्याचा भाव पडला. तोर्तिया मात्र त्या मानाने स्वस्त झाली नाही, कारण मधले व्यापारी आणि गिरण्यावाले थोडेच होते. १९९९ उजाडता तोर्तियावरचं सरकारी अनुदानही बंद झालं. आणि माणसं? अमेरिकेच्या जनगणनेत मेक्सिकोत जन्मलेले लोक १९९० साली ४३ लाख होते, २००० साली ९२ लाख झाले. याला एकटा मका कारण नाही. १९९४ च्या डिसेंबरात तिथलं चलन कोसळलं, त्यानेही लोक देशोधडीला लागले. पण 'शेती सोडून दुसरं काम' हे हिशोबातलं एक वाक्य प्रत्यक्षात काय असतं, ते या आकड्यात दिसतं.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. अशा हिशोबात जे विकलं जातं ते चांगलं दिसतं. आपण जंगलातून आणलेली भाजी, कंद, सरपण, घरी खाल्लेली वरई, यांना बाजाराची पावती नाही. सात-बारा नसलेल्या जमिनीची नोंद कोणत्या रकान्यात करणार? आणि गाव सोडून गेलेला माणूस शहरात चार पैसे जास्त कमावतो म्हणून त्याची गरिबी 'कमी' झाली असं लिहिलं जाईल. त्याची जमीन गेली, ते कुठेच लिहिलं जाणार नाही.

म्हणून असा आकडा घेऊन कुणी आला तर तीन गोष्टी विचारायच्या. कोण विकणारा, कोण विकत घेणारा, हे वेगळं वेगळं दाखवलंय का? ज्याचं काम जाईल त्याला दुसरं काम मिळेपर्यंत तो काय खाईल? आणि नुकसान होणाऱ्याला भरपाई देऊ म्हणता, ती कोण देणार, कधी देणार?

शेवटची गोष्ट. १ जानेवारी २००८ ला मेक्सिकोत मक्यावरचा उरलासुरला कर संपला. नेमक्या त्याच दिवशी आपल्या देशात वनहक्क कायद्याचे नियम जाहीर झाले. आपल्या कायद्यात लिहिलंय की वनहक्काची जमीन वारसाला मिळेल, पण विकता येणार नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. एखिदोचंही असंच होतं, ७५ वर्षं. उद्या कुणी सांगेल की ही अट काढली तर कर्ज मिळेल, गरिबी हटेल, हिशोबातून तसं निघालंय. तेव्हा मेक्सिकोची आठवण ठेवा.

त्याआधी आपला हिशोब आपणच मांडायचा. दाव्यासाठी ग्रामसभा बसेल तेव्हा प्रत्येक घराचं लिहून काढा. किती पिकवलं, किती खाल्लं, किती विकलं, जंगलातून काय आणलं, किती महिने बाहेर गेलो. बायांना विचारून लिहा, त्यांनाच खरं माहीत असतं. मग आजीच्या प्रश्नाला आपल्या हातात लिहिलेलं उत्तर असेल.

जिंदाबाद!