ज्यांची नावे राहून गेली

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आभार मानायला माणूस उभा राहिला की लोक चपला शोधायला लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही शोधत आलो आहोत. पण आज थोडं थांबा. हे आभार २०२१ सालापासून थकलेले आहेत.

आम्ही काही शिकलेले वक्ते नव्हे. सातवीला शाळा सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि विहारात झालं. मिलमध्ये साचेखात्यात उमेद घालवली. एका वार कापडाला किती हात लागतात ते आम्ही पाहिलं आहे. कापूस पिंजणारा वेगळा, सूत कातणारा वेगळा, कांजी देणारा वेगळा, साचेवाला वेगळा. कापड बाजारात जातं तेव्हा त्यावर शिक्का मात्र मिलचा. कामगाराचं नाव कुठेच नाही. याची चीड मनात ठेवून आम्ही भाषणं केली, मोर्चे काढले. आणि तीच चूक आमच्या हातून इथे, या विहारात झाली. तेच आज सांगायचं आहे.

२०२० साली बाबासाहेबांची १२९ वी जयंती आपण घराघरात मेणबत्ती लावून केली. पुढच्या साली वाटलं, आता तरी जमेल. तर १४ एप्रिल २०२१ लाच रात्री आठपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले. विहाराला कुलूप. मुलांची चित्रकला स्पर्धा सलग दुसऱ्या वर्षी बुडणार, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी कल्पना काढली की चित्रं घरी काढायची आणि प्रदर्शन फोनवर भरवायचं. २६ मेची बुद्ध पौर्णिमा ठरली.

समितीत आम्ही होतो. पेंटर काका म्हणाले, "मी पोरांना शिकवतो." आम्हीच म्हणालो, "काका, हे ऑनलाइनचं काम आहे, तुम्हाला त्यातलं काय कळणार?" ज्या माणसाने वर्षानुवर्षे जयंतीचे कापडी फलक हाताने रंगवले, फ्लेक्स आल्यावर ज्याचा धंदा बसला, त्याला आम्ही असं बोललो. काका रागावले नाहीत. आपल्या दारात स्टूल टाकून बसले. मुलं लांब उभी राहून चित्र दाखवायची आणि काका तिथूनच सांगायचे.

कोणी चवदार तळं काढलं, कोणी गोवऱ्या थापणारी रमाई, कोणी बोधिवृक्ष. एका मुलीने मास्क बांधून रस्ता झाडणारी आपली आई काढली. काका तिला म्हणाले, "झाडू चुकला. आईला विचार कसा धरते, मग काढ." मुलीने आईला विचारलं. बहुतेक पहिल्यांदाच विचारलं असेल.

फोटो कसा काढायचा तेही काकांनीच सांगितलं. फ्लॅश नको, सकाळच्या उजेडात काढा, कागदावर आपली सावली पडू देऊ नका, चारही कोपरे दिसले पाहिजेत. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी शोधून काढलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तसाच पाठवला तर तो दबतो, बारकावे जातात, म्हणून फाईल करून पाठवायचा. धुणीभांडी करणाऱ्या एका माऊलीने घरातला एकुलता एक फोन रोज दुपारी दोन तास तीन घरच्या पोरांना दिला. महिला मंडळाने दहा-दहा रुपये काढून रिचार्ज मारला.

प्रदर्शन उघडलं. गावाकडच्या आजी-आजोबांनीही फोनवर पाहिलं. पण काका तोवर गेले होते. दुसऱ्या लाटेने नेले. पोचवायलाही आपल्याला जाता आलं नाही.

आणि प्रदर्शनाच्या पहिल्या पानावर काय होतं? "आयोजक : विहार समिती." बस्स. काकांच्या नातीने आम्हाला विचारलं, "आजोबांचं नाव कुठाय?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. कापडावर मिलचा शिक्का मारणारे आम्हीच निघालो.

बंधूंनो, आपली सहल कार्ल्याच्या लेणीला गेली होती, आठवतं का? तिथे ब्राह्मी अक्षरांत धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे, दरवाजाचं काम त्याने केलं म्हणून. त्याच गावच्या अत्तरविक्याचंही नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेणीत माळ्याच्या दानाचा लेख आहे. सांचीच्या तोरणावर लिहिलंय की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी राजाच्या दानाबरोबर सुताराचं आणि माळ्याचं नावही दगडात घातलं. संघाला दिलेलं दान लहान-मोठं नसतं, हा धम्माचा विचार त्यात आहे. आणि आम्ही धम्माच्या घरात बसून ते विसरलो.

ते फोनवरचं प्रदर्शन आता उघडत नाही. ज्या पोराच्या खात्यावर होतं त्याचा फोन बिघडला, पासवर्ड गेला. मूळ कागद मात्र महिला मंडळाने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले, म्हणून आज ते मागच्या भिंतीवर तुम्ही पाहू शकता. त्यांचेही आभार.

म्हणून आज दोन गोष्टी. पहिली, काकांच्या कुटुंबाची आम्ही या सभेसमोर माफी मागतो. दुसरी, दाराजवळ एक फलक लावला आहे. त्यावर शिकवणाऱ्याचं, फोन देणारीचं, रिचार्ज मारणाऱ्यांचं, पेटी सांभाळणाऱ्यांचं, चित्र काढणाऱ्या प्रत्येक मुलाचं, सगळ्यांची नावं आहेत. पहिलं नाव काकांचं आहे. फलक फ्लेक्सचा नाही. काकांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांनीच तो ब्रशने रंगवला आहे. यापुढे या विहारात कोणतंही काम झालं की करणाऱ्यांची नावं लिहायची, असा ठराव समितीने केला आहे.

जाताना चपला घालण्याआधी तो फलक वाचा. कोणाचं नाव राहिलं असेल तर लगेच सांगा. खाली जागा सोडली आहे आणि रंगाचा डबाही तिथेच ठेवला आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.